ड्रॅगनपेक्षा मोठा बदल

डिस्नीच्या १९९८ च्या 'मुलान'मध्ये फक्त तो बडबड्या ड्रॅगन उपरा आहे, बाकी गोष्ट अस्सल चिनी, असं काहीजण म्हणतात ते मला पटत नाही. ड्रॅगन मलाही खटकतो, पण खरा बदल घरातल्या माणसांमध्ये केलाय. सिनेमात मुलान ही मुलगी म्हाताऱ्या बापाऐवजी पुरुषाच्या वेशात लढायला जाते, तेव्हा ती रात्री बापाचं चिलखत उचलून गुपचूप पळते आणि सगळं टेन्शन घराण्याच्या अब्रूचं. ही गोष्ट ज्या जुन्या चिनी गाण्यातून आलीय, त्यात असलं काही नाहीच! तिथे ती पूर्वेच्या बाजारातून घोडा घेते, पश्चिमेच्या बाजारातून खोगीर, दक्षिणेकडून लगाम, उत्तरेकडून चाबूक, आणि पहाटे आईबापांचा रीतसर निरोप घेऊन निघते. तिला बहीण आहे, धाकटा भाऊ आहे. ती परत येतेय कळल्यावर म्हातारे आईबाप एकमेकांना आधार देत गावाबाहेर घ्यायला येतात, बहीण नटते आणि भाऊ डुक्कर नि मेंढा कापायला सुरी पाजळतो. सोबत लढलेल्यांना ती बाई आहे हे १२ वर्षं कळत नाही, घरी येऊन तिने कपडे बदलल्यावरच कळतं.

बदल करूच नयेत असं नाही म्हणत मी, सोळाव्या शतकात शू वेई या चिनी नाटककारानेच तिला बांधलेले पाय (मुलींचे पाय आवळून लहान ठेवायची जुनी चिनी प्रथा) दिले आणि शेवटी लग्नही लावून दिलं. पण पाश्चात्त्य देशांतल्या मुलांनी चिनी घर पहिल्यांदा बघायचं आणि ते मुलीला चोरून पळावं लागणारं घर असायचं, हे मला फार लागतं, कारण मूळ गोष्टीत अख्खं घर तिच्या बाजूचं आहे.