चांदीची ६० नॅनोमीटरची फिल्म: हवा सोडली की रेझिस्टन्स का चढतो?

गोदाकाठ_नांदेड
नमस्कार. एम.एस्सी. फिजिक्सच्या प्रोजेक्टसाठी काचेच्या स्लाइडवर चांदीच्या फिल्म टाकायलोय. थर्मल इव्हॅपोरेशन (धातू तापवून वाफ करून बसवायची पद्धत), डिफ्यूजन पंप (तेलाच्या वाफेवर चालणारा व्हॅक्यूम पंप), व्हॅक्यूम दहाच्या उणे पाचव्या घाताच्या आसपास टॉर (टॉर हे दाबाचं एकक). जाडी मॉनिटरवर ६० नॅनोमीटर. पुस्तकातली रेझिस्टिव्हिटी (धातूचा स्वतःचा, आकारावर न ठरणारा विरोध) धरली तर शीट रेझिस्टन्स, म्हणजे फिल्मच्या चौरस तुकड्याचा रेझिस्टन्स, ०.२७ ओहम यायला पाहिजे, माझा ०.६ च्या खाली उतरतच नाही. फिल्म टाकून झाल्यावर चेंबरमध्येच तो हळूहळू कमी होतो, मग थांबतो. हवा आत सोडली की परत चढतो. १५० अंशांना तापवलेली फिल्म बरीच सुधारली. ३०० ला तापवलेली दुधाळ झाली आणि मीटर ओपन दाखवायला लागलं. धातू एकच, जाडी एकच, मग असं का?

मृणाल_लातूर
चार तारांनी मोजतोयस ना, दोन करंटला आणि दोन व्होल्टेजला? इतक्या कमी ओहमला दोन क्लिपा लावल्या तर क्लिपांचाच रेझिस्टन्स मोजला जातो. आणि चेंबरमधली सुरुवातीची घसरण निव्वळ थंड होण्याचीही असेल. चांदीचा रेझिस्टन्स अंशाला साधारण ०.४ टक्के बदलतो, म्हणजे स्लाइड ५० अंशांनी निवली की २० टक्के तिथेच गेले. काचेला थर्मोकपल (तापमान मोजायची तार) चिकटव.

गोदाकाठ_नांदेड
हो ताई, चार तारा, व्हॅन डर पॉव पद्धत (फिल्मच्या कडेला चार ठिकाणी तारा लावून मोजायची). थर्मोकपल नव्हता, लावतो.

जुनी_प्रयोगशाळा_परभणी
तुझे आकडे मला चांगले वाटतात, त्यांच्यावर विश्वास ठेव. पुस्तकातली रेझिस्टिव्हिटी जाड तुकड्याची असते. खोलीच्या तापमानाला चांदीतला इलेक्ट्रॉन एका टकरीपासून दुसरीपर्यंत सरासरी ५३ नॅनोमीटर जातो. तुझी फिल्मच ६० ची, म्हणजे तो सारखा वरच्या नाहीतर खालच्या पृष्ठभागावर जाऊन आदळणार. हा विचार जे. जे. थॉमसनने १९०१ मध्ये मांडला, नीट गणित फुक्सने १९३८ मध्ये केलं आणि सोंडहाइमरने १९५२ मध्ये ते विस्तारलं. (हाच क्लाउस फुक्स पुढे अणुबाँबची गुपितं रशियाला दिल्याबद्दल १९५० मध्ये तुरुंगात गेला.) पृष्ठभाग खडबडीत धरला, म्हणजे आदळलेला इलेक्ट्रॉन कुठल्याही दिशेला फेकला जातो असं मानलं, तर रेझिस्टिव्हिटी मूळच्या तीन भागिले आठ गुणिले ५३ भागिले ६० इतक्या हिश्शाने, म्हणजे साधारण एक तृतीयांशाने वाढते. तुझे ०.२७ चे साधारण ०.३५ झाले.

उरलेलं ०.२५ फिल्मच्या आतलं आहे. गार काचेवर बसलेल्या चांदीचे कण (स्फटिक) बारीक असतात आणि दर दोन कणांच्या सीमेवर इलेक्ट्रॉन अडतो. १५० अंशांना कण वाढले, सीमा कमी झाल्या, म्हणून सुधारली. ३०० ला चांदीला काचेवर पसरून राहायचंच नव्हतं, ती गोळा होऊन बेटं झाली. बेटांमध्ये रस्ता नाही, म्हणून ओपन.

आता गॅस. दहाच्या उणे सहाव्या घाताच्या टॉरला पृष्ठभागावर सेकंदाला साधारण एक थर भरेल इतके रेणू आदळतात. तुझ्या व्हॅक्यूमला त्याच्या दहापट. म्हणजे सेकंदाला एक थर चांदी टाकत असशील तर चांदीपेक्षा गॅसचेच रेणू जास्त येतायत, आणि त्यात पाण्याची वाफ पुष्कळ! चांदी गॅसला फारशी धरून ठेवत नाही म्हणून निभावतं. टायटॅनियम असतं तर फिल्मभर ऑक्साइड झालं असतं.

हवा सोडल्यावर ऑक्सिजन आणि पाणी पृष्ठभागाला चिकटतात. चिकटलेला प्रत्येक रेणू म्हणजे इलेक्ट्रॉनच्या वाटेतला एक नवा खुंटा. शिवाय ऑक्सिजन बंधासाठी धातूचे थोडे इलेक्ट्रॉन ओढून घेतो, त्यामुळे वरच्या थराचं वहन दुबळं होतं. दोन्हींचा परिणाम एकाच दिशेला: रेझिस्टन्स वर.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती पुढची गोष्ट. पृष्ठभाग आधीच ओबडधोबड असेल तर इलेक्ट्रॉन तसाही विखुरतोय, गॅसने त्यात फार भर पडत नाही. तापवून गुळगुळीत केलेल्या फिल्मवर तोच गॅस जास्त जाणवतो. म्हणून न तापवलेली आणि १५० ची, दोन्ही एकाच वेळी चेंबरमध्ये ठेवून हवा सोड आणि रेझिस्टन्सची उडी मोज. दोन उड्यांतला फरक पृष्ठभागाची घडण सांगेल.

पैठणची_पोरगी
सर, रेझिस्टन्स नेहमी वरच जातो का? आम्ही पॅलेडियमवर हायड्रोजन सोडला तर अखंड फिल्मचा चढला, अगदी पातळ फिल्मचा मात्र उतरला.

जुनी_प्रयोगशाळा_परभणी
तुमचं मोजमाप बरोबर आहे. पॅलेडियमवर हायड्रोजन नुसता चिकटत नाही, आत शिरतो. अखंड फिल्ममध्ये त्याने विखुरणं वाढतं. पातळ फिल्म बेटांची असते. बेटं फुगतात, फटी मिटतात, करंट जायला लागतो. हायड्रोजनचे काही सेन्सर याच फुगण्यावर चालतात.

गोदाकाठ_नांदेड
सर, पण माझ्या फिल्ममध्ये गॅस वरच बसलाय की कणांच्या सीमांमधून आत उतरलाय, हे कसं ओळखायचं?

जुनी_प्रयोगशाळा_परभणी
जाडी बदल. ४०, ६०, १२० अशा फिल्म घे, सगळ्या सारख्याच तापवलेल्या. गॅस वरच असेल तर रेझिस्टन्सची वाढ गुणिले जाडीचा वर्ग हा आकडा जवळपास सारखा राहील. आत उतरला असेल तर तो जाडीबरोबर वाढत जाईल. मग परत पंप चालू कर: पाणी बरंचसं निघून जातं आणि रेझिस्टन्स थोडा उतरतो, ऑक्सिजन इतक्या सहज सुटत नाही. चांदीवरून तो ३०० अंशांच्या आसपास सुटतो, आणि त्या तापमानाला तुझी फिल्म टिकत नाही हे तू पाहिलंच आहेस. हे सगळं लाइट जाण्याच्या वेळा बघून लाव. मध्येच पंप बंद पडला तर डिफ्यूजन पंपाचं तेल चेंबरमध्ये येतं, आणि तेलाचा थर बसलेल्या फिल्मवर यातलं काहीच मोजता येत नाही.