मन ठिकाणावर नसताना प्रकट मुलाखत घ्यायची वेळ आली तर?

दुसरा_शनिवार

आमच्या वाचनालयात दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी प्रकट मुलाखत असते. सभागृह २०० खुर्च्यांचं, वेळ ७५ मिनिटं. पाहुणे कधी लेखक, कधी नाट्यकलावंत, कधी शेतीतले जाणकार. मुलाखत मी घेते. एरवी जमतं. पण घरात आजारपण असलं, रात्रभर झोप झाली नसली की त्याच त्या गोष्टी बिघडतात. बोलण्याचा वेग वाढतो. एका प्रश्नात तीन प्रश्न घुसतात. पाहुणे बोलत असताना मी पुढचा प्रश्न शोधत राहते आणि त्यांच्या उत्तरातलं मोलाचं काहीतरी निसटतं. शिवाय हाताची थरथर कागदावर दिसते.

कार्यक्रमाची तारीख बदलता येत नाही, पत्रिका वाटलेल्या असतात. "आत्मविश्वास ठेवा" हे ऐकून झालंय. अशा दिवशी नेमकं काय करायचं, आधी काय करून ठेवायचं, ते जाणकारांनी सांगावं.

तिसरी_घंटा

ताई, तुमच्या पहिल्या तिन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. मन थकलं की डोक्यात एका वेळी मावणाऱ्या गोष्टी कमी होतात. चांगल्या दिवशी तुम्ही उत्तर ऐकता, पुढचा प्रश्न जुळवता, घड्याळ बघता, श्रोत्यांचा अंदाज घेता, आणि हे सगळं एकदम चालतं. वाईट दिवशी त्यातलं जे कागदाला किंवा दुसऱ्या माणसाला देता येईल ते देऊन टाकायचं. स्वतःकडे फक्त ऐकणं ठेवायचं.

सुरुवात प्रश्नांच्या संख्येपासून. ७५ मिनिटांना १२ ते १४ प्रश्न खूप झाले. बोलका पाहुणा असेल तर आठातच वेळ संपते. २५ प्रश्न लिहून नेले की ते संपवायची घाई लागते, आणि तुमचा वेग बहुधा तिथूनच वाढतो. या १२ मधले ३ प्रश्न लाल शाईने लिहा. ते खांब. ज्यांच्यावाचून ही मुलाखत याच माणसाची झाली नसती, असे. बाकीचे ९ गाळता आले पाहिजेत.

खांबाचा प्रश्न नेमक्या कृतीबद्दल असावा. समजा पाहुणे द्राक्ष बागायतदार आहेत. "ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला तर पहिल्या दोन दिवसांत बागेत काय काय करता?" याला एका शब्दात उत्तर देताच येत नाही. "शेतीत आव्हानं फार आहेत, नाही का?" याला "हो ना" एवढंच येतं. एरवी तुम्ही त्यानंतरची पोकळी सहज भरून काढाल, पण थकलेल्या दिवशी तेवढं बळ नसतं. म्हणून होकारार्थी मान डोलवून संपतील असे प्रश्न आदल्या रात्रीच खोडा. आणि प्रश्नात "आणि" आला की तिथे पूर्णविराम द्या. एका प्रश्नाचे तीन होतात ते "आणि"मुळेच.

दुसरं, दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, सत्कार, अध्यक्षांचे दोन शब्द यांत १५-२० मिनिटं हमखास जातात. ७५ ची ५५ होणारच, हे धरून चाला. खचलेल्या दिवशी व्यासपीठावर बसून मनातल्या मनात कापाकापी करायची वेळ आली तर पहिला घाम तिथेच फुटतो. ५० मिनिटांची आवृत्ती आधीच ठरवलेली हवी: ३ खांब, पहिला प्रश्न, शेवटचा प्रश्न आणि मधले दोन. प्रास्ताविक कोण करणार त्यालाही आदल्या दिवशी फोन करून विचारा की पाहुण्यांबद्दल काय सांगणार आहात. नाहीतर तुमचा पहिला प्रश्न ते उत्तरासकट सांगून मोकळे होतात.

पाठ फक्त दोन गोष्टी करा, पहिला प्रश्न आणि शेवटचा. धडधड सगळ्यात जास्त असते ती सुरुवातीच्या दोन-तीन मिनिटांत. तेव्हा पाठ असलेलं वाक्य आपसूक बाहेर येतं आणि तेवढ्यात श्वास जागेवर बसतो. परिचय साधारण १५० शब्दांचा लिहा, सावकाश वाचला तर दीड मिनिट लागतं. नावाचा उच्चार, गावाचं नाव, पुरस्कारांची सालं पाहुण्यांकडूनच तपासून घ्या. ओळख करून देतानाच चूक झाली आणि पाहुण्यांनी ती मंचावर दुरुस्त केली, तर वाईट दिवशी ते मनातून जात नाही.

थरथरीचं सोपं आहे. पातळ कागद हाताची हालचाल कितीतरी मोठी करून दाखवतो. पोस्टकार्डाएवढे जाड पुठ्ठ्याचे ६ तुकडे घ्या, एकाच बाजूला लिहा, प्रत्येकावर दोनच प्रश्न, अक्षर हातभर अंतरावरून चष्म्याशिवाय वाचता येईल एवढं. कोपऱ्यात क्रमांक घाला आणि भोक पाडून दोरा ओवा. कार्डं खाली पडली तरी क्रम विस्कटत नाही.

ध्वनीपेटी

वरचं सगळं पटलं. माईकबद्दल थोडं सांगतो, कारण अर्धी घबराट तिथून येते आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं.

हातात धरायचा माईक असेल तर तो मधोमध धरा आणि कोपर बरगडीला टेकवा. हात हवेत तरंगता ठेवला की थरथर वाढते. जाळी मुठीत पकडू नका. त्याने माईक चहूबाजूंचा आवाज उचलायला लागतो आणि शिट्टी मारतो. पाहुणे बोलत असताना माईक मांडीवर उतरवलात तर त्याचं तोंड समोरच्या मॉनिटरकडे, म्हणजे आपलाच आवाज आपल्याला ऐकवणाऱ्या मंचावरच्या स्पीकरकडे, जात नाही ना, हे बघा. बोलताना तो ओठांसमोर सरळ न धरता ओठांच्या कोपऱ्याकडे तिरका धरला तर प, फ, भ चे फटके बसत नाहीत.

अवघड दिवशी आयोजकांकडे स्टँड किंवा कॉलर माईक मागा, म्हणजे एक हात मोकळा राहील. कॉलर माईक हनुवटीखाली साधारण वीतभर. साडीचा काठ किंवा ओढणी त्यावर घासली की सतत खरखर येते, आणि मंगळसूत्र किंवा लांब माळ आपटली की टकटक ऐकू येते. कॉलर माईकचा आवाज पुढे पाठवणारी डबी (ट्रान्समीटर) कमरेला लावतात, तिच्यासाठी नाडी किंवा पट्टा आधीच सोबत ठेवा, ऐनवेळी निऱ्यांमध्ये खोचलेली डबी खाली ओढली जाते. सेल कार्यक्रमाआधी नवे घालायला सांगा.

आणि हे कधीच विसरू नका: डबीचं बटण मंचावर जाईपर्यंत बंद. अशा दिवशी माणूस ग्रीनरूममध्ये मैत्रिणीजवळ घरचं बोलून जातो. माईक चालू राहिला तर ते सभागृहभर जातं.

आवाजाची चाचणी दारं उघडण्याआधी, म्हणजे ४०-४५ मिनिटं आधी. "हॅलो, वन टू थ्री" म्हणून काही कळत नाही. खुर्चीत बसून तुमचा पहिला प्रश्न खऱ्या वेगात म्हणा. साउंडवाल्याला खरी पातळी मिळते, तुमची एक रंगीत तालीम होते. स्वतःचा आवाज मॉनिटरमध्ये जरा जास्त मागून घ्या. तो नीट ऐकू आला नाही की माणूस नकळत ओरडून बोलतो, घसा दमतो आणि वेग वाढतो.

दुसरा_शनिवार

फार उपयोगी. तीन गोष्टी अजून विचारते. ऐन मंचावर डोकं कोरं पडलं तर? पाहुणे तुटक उत्तरं द्यायला लागले किंवा भावुक झाले तर? आणि आपली अवस्था पाहुण्यांना सांगावी का?

कानसेन

शेवटच्याचं उत्तर आधी. पाहुण्यांना सांगू नका. सांगितलं की ते तुम्हाला सांभाळायला लागतात. अवघड आठवणी टाळतात, उत्तरं आखडती घेतात, मुलाखत गुळमुळीत होते. आयोजकांपैकी एकाच माणसाला सांगा, आणि त्याच्यावर नेमकी कामं सोपवा: तुमचा फोन त्याच्याकडे, घरून तातडीचा निरोप आला तरच विंगेतून खूण, श्रोत्यांच्या चिठ्ठ्या चाळून फक्त चार पुढे पाठवणं, आणि पहिल्या रांगेतून "१५" व "५" असे मोठे आकडे दाखवणं. मनगटावरचं घड्याळ काढूनच ठेवा. तुम्ही घड्याळ पाहिलंत की पाहुणा वाक्य गुंडाळतो. घसा बसलाय, खोकला आहे, असं जे श्रोत्यांना कळणारच आहे ते मात्र सुरुवातीला एका वाक्यात सांगून पुढे जा. माफी पुन्हा पुन्हा मागू नका.

डोकं कोरं पडलं तर पाहुण्यांच्या उत्तरातला शेवटचा ठोस शब्द धरा. ते म्हणाले, "मग मी ती पेटी विकली." तुम्ही फक्त म्हणा, "पेटी विकलीत..." आणि थांबा. बहुतेक जण तिथून पुढे बोलतात. एवढ्यासाठीसुद्धा शेवटचं वाक्य कानात असावं लागतं. म्हणून उत्तर चालू असताना कार्डं उलटी, मांडीवर. डोळे पाहुण्यांकडे. पुढचा प्रश्न कार्डावर लिहिलेला आहे, तो कुठे पळून जात नाही. उत्तर संपलं की मनात तीन आकडे मोजा, मग कार्ड उचला. त्या तीन आकड्यांत पाहुणा अनेकदा स्वतःहून सगळ्यात चांगलं वाक्य बोलून जातो. मुलाखतकार म्हणून मला याहून मोलाची दुसरी सवय ठाऊक नाही, आणि घाई झालेल्या दिवशी नेमकी तीच सुटते.

तुटक उत्तरं येत असतील तर मत विचारणं थांबवा; जागा, वेळ, वस्तू विचारा. "रंगभूमीबद्दल काय वाटतं?" याऐवजी "तिसरी घंटा झाल्यावर पडदा उघडेपर्यंत विंगेत काय करता?" न थांबणाऱ्या पाहुण्यांना वाक्याच्या मध्ये तोडायचं नाही. ते श्वास घेतील तेव्हा त्यांचं नाव घेऊन त्यांचाच शब्द उचला आणि वळवा: "अमुकराव, तुम्ही आत्ता दौऱ्यांचं म्हणालात, त्या बसमधलं सांगा ना." नाव कानावर पडलं की माणूस थबकतो.

पाहुणे गहिवरले तर पाणी पुढे करा आणि गप्प राहा. "असो, पुढच्या प्रश्नाकडे वळू" हे सगळ्यात वाईट. थोड्या वेळाने हळू आवाजात, "थांबू या का थोडं?" एवढंच. निर्णय त्यांचा. आणि तुमच्या घरच्या दुःखाशी जुळणारा विषय निघण्याची शक्यता असेल तर तो प्रश्न मुलाखतीच्या शेवटच्या टप्प्यात ढकला, किंवा त्या दिवसापुरता गाळा. तो खांब नसेल तर कुणाला कळणारही नाही.

विंगेतून

एक भर घालतो. वयस्कर पाहुण्यांसाठी तीन नव्हे, पाच आकडे मोजा. त्यांना आठवायला वेळ लागतो. शिवाय खुर्च्या समोरासमोर न ठेवता जराशा एकमेकांकडे वळवून, साधारण काटकोनात ठेवा, मध्ये हात लांब करून कागद देता येईल एवढंच अंतर. समोरासमोर बसलं की नजर सतत भिडते, दमलेल्या माणसाला ती पेलत नाही. पाणी पेल्यात नको, झाकणाच्या बाटलीत. थरथरत्या हाताने पेला सांडतो.

घसा_श्वास_झोप

शरीराची बाजू राहिली, ती लिहिते.

श्वास: मंचावर जाण्याआधी पाच मिनिटं, नाकाने चार आकडे आत, सहा आकडे बाहेर. सोडायचा श्वास लांबला की नाडी मंदावते. घाबरून भराभर खोल श्वास घेऊ नका. चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात आणि माणूस जास्तच घाबरतो.

चहा: झोप झाली नाही म्हणून कपावर कप घेतले तर थरथर वाढते. दुपारचा एक पुरे. जेवण दीड-दोन तास आधी आणि हलकं, मऊ भात किंवा केळं. उपाशी जाऊ नका.

आवाज: गिळलेलं पाणी स्वरयंत्राच्या पडद्यांना थेट लागत नाही, म्हणून मंचावर बाटलीभर पिऊन उपयोग नाही, सकाळपासून थोडं थोडं प्यायला हवं. ग्लासात जाडसर नळी दोन-तीन सेंटिमीटर बुडवा आणि "ऊ" असा सूर काढत बुडबुडे आणा, तीन-चार मिनिटं. ताण न देता आवाज मोकळा होतो. खाकरू नका, त्याने पडदे एकमेकांवर आपटतात, आवंढा गिळा. कुजबुजत बोलल्याने घशाला विश्रांती मिळते हा गैरसमज आहे.

ताप असेल, आवाज उमटतच नसेल, छातीत दुखत असेल किंवा घरात मृत्यू झाला असेल तर मुलाखत घेऊ नका. त्यासाठी कार्डांची दुसरी प्रत आणि पाहुण्यांची माहिती दर महिन्याला वाचनालयातल्या एका माणसाकडे असू द्या, तो बदली मुलाखतकार. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. कार्यक्रम नसतानाही धडधड, झोप न लागणं, रडू येणं हे दोन आठवड्यांवर चाललं असेल तर डॉक्टरांशी बोला. मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, निःशुल्क आहे आणि मराठीतही बोलता येतं.

दुसरा_शनिवार

कार्डं आजच कापायला घेते. सहाव्या कार्डावर काय लिहू?

तिसरी_घंटा

शेवटचे दोन प्रश्न, पाहुण्यांचं पूर्ण नाव आणि आभार मानायला कोण येणार त्यांचं नाव. थकल्यावर आधी विसरतात ती नावंच, अगदी रोजच्या ओळखीतलीही. शेवटचा प्रश्न असा ठेवा की वेळ दहा मिनिटं आधी संपली तरी तो विचारता येईल, म्हणजे आधीच्या कुठल्याच उत्तरावर अवलंबून नसलेला. द्राक्षवाल्यांना: "उद्या सकाळी बागेत गेल्यावर सगळ्यात आधी काय बघणार?" ध्वनिमुद्रण त्या रात्री ऐकू नका, स्वतःच्या आवाजातला थकवाच तेवढा ऐकू येतो. दुसऱ्या दिवशी ऐका आणि तुम्ही उत्तर मध्येच तोडलंय ती मिनिटं फक्त लिहून काढा.