नोव्हेंबरात माउंट होपला कोण कोण येणार?

प्रेषक: सचिव, मराठी मंडळ
नमस्कार मंडळी,
दिवाळीचा हिशोब वेगळ्या मेलमध्ये येतोय (हो, फराळाच्या डब्यांचे पैसे अजून चौघांकडून यायचेत). हा मेल दुसऱ्या कामासाठी आहे.

इथे कॅनडात, आपल्या किचनर गावातल्या माउंट होप दफनभूमीत बकम सिंग नावाच्या शिपायाची कबर आहे. पहिल्या महायुद्धात कॅनडाच्या फौजेतून लढलेले शीख हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे होते. त्यांतला हा एक. दर नोव्हेंबरात, युद्धातल्या मृतांच्या स्मरणदिनाच्या सुमारास, शीख मंडळी तिथे जमतात. गेल्या वर्षी मी लेकीला घेऊन गेले होते. आम्ही दोघी मागे उभ्या होतो, पायाखाली चिखल-बर्फाचा रबडा. शेजारच्या एका सरदारजी आजोबांनी विचारलं, पंजाब में कहाँ से? मी म्हटलं, महाराष्ट्र. त्यांनी 'मराठा!' म्हणून खाडकन सॅल्यूट ठोकला आणि आम्हाला पुढे नेऊन उभं केलं. मला भलतंच ओशाळायला झालं.
यंदा मंडळातर्फे जावं असं वाटतं. कोण येईल?

---

प्रेषक: भाऊ, केंब्रिज (इथलं, साहेबाचं नव्हे)
सचिवबाई,
राग मानू नका, पण मंडळाचा यात संबंध काय? ज्याला जायचं त्याने जरूर जावं. मंडळाच्या नावाने गेलो की उद्या कोणीतरी म्हणणार, याला गेलात मग त्याला का नाही. आधीच संक्रांतीला हॉल मिळत नाहीये, तिकडे बघा. शिवाय साहेबाच्या लढाईत मेलेल्या माणसाचं आपण नक्की काय साजरं करायचं, हेही मला कळत नाही.

---

प्रेषक: सचिव
भाऊ, साजरं काहीच करायचं नाहीये. त्याची हकिगत लिहिते, मग ठरवा.

जन्म 1893, पंजाबातलं माहिलपूर, जिल्हा होशियारपूर. दहाव्या वर्षाच्या आतबाहेर लग्न लागलं, प्रीतम कौरशी. 1907 साली चौदाव्या वर्षी एकटा जहाजाने ब्रिटिश कोलंबियात आला. त्याच वर्षी त्या प्रांताने हिंदी (म्हणजे हिंदुस्थानी) लोकांचा मताधिकार काढून घेतला. पुढल्याच वर्षी नियम निघाला की मायदेशातून थेट तिकिटावर, न थांबता आलेल्यालाच इथे उतरू देणार, आणि वर दोनशे डॉलर खिशात हवेत. हिंदुस्थानातून थेट येणारी बोटच नव्हती, म्हणजे बंदी हा शब्द न लिहिता बंदी. कोमागाटा मारू ही हिंदी प्रवाशांची बोट 1914 मध्ये व्हँकुव्हरहून परत पाठवली ती याच नियमावर बोट ठेवून.

म्हणजे हा इथे, बायको तिथे. तो ऑन्टारियोत आला, शेतावर राबला आणि 1915 च्या वसंतात फौजेत भरती झाला. का झाला, हे कुठे लिहिलेलं नाही. ज्या देशाने त्याच्या माणसांना बंदरातून हाकललं, त्याच देशाचा गणवेश वर्षभराच्या आत याने अंगावर चढवला. भाऊ, तुमचा प्रश्न मलाही पडतो, पण त्याला विचारायची सोय राहिलेली नाही.

विसाव्या बटालियनमधून बेल्जियममधल्या फ्लँडर्सला गेला. 1916 च्या जूनमध्ये डोक्याला जखम झाली, बरा होऊन परत खंदकात गेला, जुलैत पायात गोळी. त्या वेळी तो ज्या लष्करी रुग्णालयात होता, तिथे आपल्या गेल्फचे डॉक्टर जॉन मॅक्रे काम करायचे. पॉपीच्या फुलांवरची ती कविता आपली पोरं दर नोव्हेंबरात शाळेत पाठ म्हणतात ना, तिचे कवी. पुढे इंग्लंडमध्ये क्षयाने धरलं. परत आणून इथल्या फ्रीपोर्टच्या रुग्णालयात ठेवलं. 27 ऑगस्ट 1919 ला तिथेच गेला, वय पंचवीस. शीख असून दहन नाही, दफन.

आणि हिंदी लोकांना बायकामुलं इथे आणायची परवानगी मिळाली तीही 1919 सालीच.

---

प्रेषक: वॉटर्लूची काकू
मी सहा वर्षं फ्रीपोर्टला रात्रपाळी केली. त्या जागी अजूनही रुग्णालय आहे, मागे नदी दिसते. नदीकडच्या खोल्यांत म्हातारे पेशंट रात्री आपल्या आपल्या भाषेत हाका मारायचे, कोणी पोर्तुगीज, कोणी जर्मन. कळत काहीच नाही, पण हात धरला की गप्प व्हायचे. ह्या मुलाच्या वेळी पंजाबी कळणारं त्या वॉर्डात कोण असेल? मी येणार. गुडघ्यांमुळे खुर्ची लागेल, मी माझी घडीची आणते.

---

प्रेषक: नाना, गेल्फ
सर्वांस नमस्कार,
उशिरा लिहितोय, डोळ्याचं ऑपरेशन झालंय, लेक टाइप करून देते आहे.

भाऊ, संबंध विचारलात म्हणून सांगतो. या किचनर गावाचं नाव 1916 च्या उन्हाळ्यापर्यंत बर्लिन होतं, जर्मन वस्ती म्हणून. लढाईत ते नाव खुपायला लागलं आणि नुकत्याच बुडून मेलेल्या लॉर्ड किचनरचं नाव दिलं. हा किचनर 1902 ते 1909 हिंदुस्थानचा सरसेनापती होता. त्यानेच 1903 मध्ये पलटणींना नवे आकडे दिले. मुंबईची सतरावी पलटण तेव्हा एकशे सतरावी मराठा झाली.

माझे पणजोबा त्या एकशे सतरात होते. सातारा जिल्ह्यातले. मेसोपोटेमियात (म्हणजे आजच्या इराकात) कुत गावात आपल्या फौजेला तुर्कांनी वेढा घातला, डिसेंबर 1915 ते 29 एप्रिल 1916. खायला घोडे कापायची वेळ आली. आपल्या शिपायांनी कित्येक दिवस ते मांस तोंडाला लावलं नाही, जातीतून टाकतील या भीतीने. तेरा हजारांच्या आसपास माणसं शरण गेली. पणजोबा परत आले, पण घरात कुतचं नाव काढायचे नाहीत. जेवताना पानात काही टाकलं की मात्र ताटकन उठून जायचे, असं आजी सांगायची.

बकम सिंगची हकिगत उजेडात आली ती त्याच्या विजय-पदकामुळे, त्या लढाईतल्या शिपायांना मिळायचं ते. पंधरा-सोळा वर्षांमागे म्हणा, थोडी जास्तच झाली असतील, संदीप सिंग ब्रार या शीख इतिहासाच्या संग्राहकाला ते लंडनमध्ये जुन्या वस्तूंच्या दुकानात सापडलं. कडेवर नाव कोरलेलं होतं, तिथून माग काढत ते आपल्या गावातल्या कबरीपर्यंत पोचले. तोवर नव्वद वर्षं गेली होती.

तसलंच पदक आमच्याकडेही आहे, पणजोबांचं. ब्राँझचं, पुढे पंखवाली बाई. आजी तिला देवी समजायची. देवघरात टाकांच्या शेजारी ठेवलेलं, रोज हळदकुंकू. पणजोबांनी कधी सांगितलं नाही की ही देवी नव्हे. की त्यांनाही तसंच वाटायचं, कोण जाणे.
मी येणार. कोणीतरी गेल्फहून मला उचला.

---

प्रेषक: भाऊ, केंब्रिज
नाना, साडेनऊला तुमच्या दारात असेन. व्हॅनमध्ये पाच जागा रिकाम्या आहेत. काकू, खुर्ची आणू नका, माझ्याकडे दोन आहेत. मंडळाचं नाव लावायचं की नाही ते तुम्ही ठरवा, मी त्यात पडत नाही. सचिवबाई, चहा मी आणतो, मोठा थर्मास आहे. तुमच्याकडे आल्याचा चहा म्हणजे नुसतं आल्याचं पाणी असतं.

---

प्रेषक: सचिव
पाहिलं मी हे, भाऊ. लक्षात ठेवीन.
आतापर्यंत चौदा जण झाले. तिथल्या लोकांना फोन करून कळवलंय, ते म्हणाले या, लंगर आमच्याकडे. नाना, पदक साताऱ्यालाच आहे का? निदान फोटो मागवता येईल? लेकीला दाखवायचंय.

---

प्रेषक: नाना, गेल्फ
वहिनीला व्हॉट्सॅपवर सांगितलं होतं. आज फोटो आले, पुढचा, मागचा आणि कडेचा. कडेवर 117 तेवढं वाचता येतंय. नावाच्या खाचांत कुंकू बसून घट्ट झालंय. ती विचारत होती, चिंच लावून घासू का? म्हटलं, थांब. लेकीने फोटो मोठा करून पाहिला, पहिलं अक्षर लागतंय म्हणते.