‘रोबॉट’ म्हणजे यंत्रमानव की वेठ्या?

प्रश्न : विज्ञानकथांवरच्या एका लेखाचं भाषांतर करते आहे. ‘रोबॉट’साठी सगळीकडे ‘यंत्रमानव’ लिहीत गेले, पण ‘रोबॉटांनी बंड केलं’ या वाक्याशी अडले. यंत्र बिघडतं, बंद पडतं. बंड कसं करेल? दुसरा शब्द आहे का?

उत्तर : तुम्हाला जिथे ठेच लागली, तिथेच या शब्दाचा मूळ अर्थ आहे. ‘रोबॉट’ हा शब्द कारेल चापेक यांच्या ‘आर. यू. आर.’ या चेक नाटकातून जगभर गेला. नाटक छापलं गेलं 1920 साली. शब्द सुचवला तो त्यांचे चित्रकार भाऊ योसेफ यांनी. चेक भाषेत ‘रोबोता’ म्हणजे कुळांनी जमीनदाराच्या शेतावर सक्तीने करायचं काम. यासाठी आपल्याकडे नेमका शब्द आहे : वेठ. 1775 च्या फर्मानाने बोहेमिया या चेक प्रांतातली ही वेठ आठवड्याला जास्तीत जास्त तीन दिवसांवर आणली, आणि 1848 मध्ये ती कायमची गेली. म्हणजे नाटक आलं तेव्हा वेठ जाऊन जेमतेम 72 वर्षं झाली होती. प्रेक्षकांपैकी कितीतरी जणांच्या घरात ती आठवण ताजी असणार.

त्या नाटकातले रोबॉट लोखंडाचेही नाहीत. रसायनांपासून तयार केलेले, हुबेहूब माणसासारखे देह आहेत ते. नाटकाची नायिका हेलेना रोबॉट बनवणाऱ्या कारखान्यात येते, तेव्हा सुल्ला या टायपिस्टला ती माणूसच समजते. सुल्ला रोबॉट आहे हे पटवायला कारखान्याचा प्रमुख डोमिन सुल्लाला चिरून दाखवायची तयारी दाखवतो आणि हेलेना हादरते. पुढे कारखान्याचे खरेखुरे अधिकारी समोर येतात, तर त्यांनाच ती रोबॉट समजून बसते. राबणारा आणि राबवणारा दिसायला सारखेच. ‘यंत्रमानव’ म्हटलं की डोळ्यांसमोर पत्र्याचं चौकोनी डोकं येतं आणि या प्रसंगातली सगळी धार जाते.

नाटकातला इशाराही याच अर्थावर उभा आहे. कामगार रोबॉटांविरुद्ध उठतात, तेव्हा रोबॉटांच्या हाती शस्त्रं दिली जातात. मग सरकारं त्यांना सैनिक करतात. सत्तेला प्रश्न न विचारणारे हात हवे असतात, ते इथे घाऊक मिळतात. शेवटी रोबॉट माणसांना संपवतात, पण कारखान्यातल्या बांधकामाचा प्रमुख आल्क्विस्ट या एकट्याला जिवंत ठेवतात. का, तर तो त्यांच्यासारखा हातांनी काम करतो! माझ्या मते अख्ख्या नाटकाची किल्ली या एका कारणात आहे.

म्हणून माझा सल्ला : या नाटकाबद्दल लिहिताना ‘रोबॉट’च ठेवा आणि पहिल्याच उल्लेखात ‘वेठीला धरलेला’ हा अर्थ सांगून टाका. ‘वेठ्या’ हा जुना शब्द अर्थाने चपखल आहे, पण आजच्या वाचकाला तो एकदम कळणार नाही. ‘यंत्रमानव’ माणसाच्या आकाराच्या यंत्रापुरता ठीक. कारखान्यातल्या जोडकाम करणाऱ्या नुसत्या यांत्रिक हाताला तोही जुळत नाही.

शंका : पण ‘वेठीला धरणे’ म्हणजे अडवून ठेवणे ना? ‘संपकऱ्यांनी प्रवाशांना वेठीस धरलं’ असं बातम्यांत येतं.

उत्तर : तो अर्थ आता रूढ आहे, चूक म्हणता येणार नाही. मला मात्र तो दरवेळी खुपतो. ‘वेठ’ आली संस्कृत ‘विष्टि’वरून, आणि विष्टि म्हणजे सक्तीने करून घेतलेलं काम. फारसीतून आलेला ‘बिगार’ तिला जोडून आपण ‘वेठबिगार’ केला, अर्थ दुप्पट घट्ट झाला. ज्याच्याकडून जबरदस्तीने काम करून घेतलं जायचं त्याच्यासाठीचा हा शब्द, आज काम थांबवणाऱ्यावर आरोप करायला वापरला जातो. तुमच्या लेखात निदान या एका ठिकाणी तो मूळ अर्थाने येऊ द्या : ‘वेठीला धरलेल्या रोबॉटांनी बंड केलं.’ आता वाक्य पोकळ वाटतं का, वाचून पाहा.