'पोल टॅक्स'ला मराठीत काय म्हणावं?

पाटीपेन्सिल: अमेरिकेतल्या मताधिकारावरचा लेख दिवाळी अंकासाठी अनुवादतोय. 'पोल टॅक्स' भरला नाही म्हणून मत नाकारायला बंदी घालणाऱ्या २४व्या घटनादुरुस्तीशी (१९६४) गाडी अडली. 'पोल टॅक्स'चं मी 'मतदान कर' केलं, संपादकबाईंनी खोडून 'डोईपट्टी' लिहिलं. बरोबर कोण?

खडीसाखर: बाई बरोबर. पोल म्हणजे डोकं. मताचा अर्थ मागाहून चिकटला, डोकी मोजून निवड व्हायची म्हणून. घरपट्टीची पावती आली की आमचे आजोबा म्हणायचे, "आता डोईपट्टी तेवढी बाकी आहे!"

बोरूबहाद्दर: व्युत्पत्ती मान्य, पण वाचकाला कळणार काय? व्हर्जिनियात वर्षाला दीड डॉलर, तोही मागच्या तीन वर्षांचा, निवडणुकीच्या सहा महिने आधी भरायचा. नाही भरला तर मत नाही. १५व्या दुरुस्तीने (१८७०) वंशावरून मत नाकारायची सोय गेली, मग वंशाचं नाव न घेता काळ्यांना बाहेर ठेवायला हा कर. त्यात गरीब गोरेही भरडले. कामाने तो मतदान करच. शिवाय २४वी दुरुस्ती फक्त संघराज्याच्या निवडणुकांपुरती. राज्यांतल्या निवडणुकांतून हा कर जायला १९६६चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला.

चावडी: सरळ जिझिया म्हणा.

खडीसाखर: काहीतरीच! औरंगजेबाने १६७९ साली जिझिया पुन्हा लावला तो धर्मावरून. भरला म्हणून कुणाला मत मिळत होतं?

टिपणवही: मला 'दुरुस्ती'च खटकते. दुरुस्ती पंपाची करतात. १९व्या दुरुस्तीने (१९२०) बायकांना मत मिळालं, ती सुधारणा. आपल्या अधिनियमांतही 'सुधारणा'च छापतात.

बोरूबहाद्दर: मग आणीबाणीतल्या ४२वीलाही सुधारणाच म्हणणार? दुरुस्ती बरी, निदान कौतुक तरी होत नाही.

चावडी: मताचं वय एकवीसवरून अठरावर आणणाऱ्या आपल्या ६१वीने मात्र आमच्या घरात भांडण लावलं होतं. १९८९ला मी एकोणिसाव्या वर्षी शाई लावून आलो. दादाला एकविशीपर्यंत थांबावं लागलं होतं, तो आठवडाभर धुसफुसत होता.

पाटीपेन्सिल: मंडळी, अंक छापायला जायचाय. डोईपट्टी की मतदान कर?

टिपणवही: ६१वीवरून आठवलं. त्या कलम ३२६मध्ये 'प्रौढ मताधिकार' आहे. अठरा वर्षांच्या पोराला प्रौढ कोण म्हणतं? प्रौढ म्हटलं की मला चष्मा लावलेला वधूपिता दिसतो.

खडीसाखर: 'सज्ञान' म्हणा की.

बोरूबहाद्दर: सज्ञान? मतदारांच्या रांगेत कधी उभ्या राहिलात का?