व्हॅक्यूम दाबतो, अडवत नाही

सागाच्या तुकड्याचा कोपरा राउटरने (फिरत्या पात्याच्या लाकूड कापायच्या यंत्राने) गोल करताना तो व्हॅक्यूम जिगवर धरतात, म्हणजे साच्याच्या खणातली हवा पंपाने ओढून तुकडा त्यावर चिकटवून ठेवतात. पंप दमदार असला की तुकडा जागचा हलत नाही, असं इथल्या चर्चेत वर कुणी म्हटलंय, ते मला अर्धंच पटतं. दाबते ती बाहेरची हवा, त्यामुळे पंप कितीही मोठा आणा, चौरस सेंटीमीटरला साधारण एक किलोच्या वर जोर मिळत नाही. आमचं इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, म्हणजे इथे आणखी सहाएक टक्के कमी. 10 बाय 10 सेंटीमीटरच्या खणात 80 टक्के व्हॅक्यूम धरला तर जोर 75 किलोच्या आसपास, आणि तोही खालच्या दिशेने. राउटर ढकलतो आडवं, तिथे फक्त घर्षण कामी येतं. म्हणून गोलाई जिथे संपते तिथून पुढे दोन्ही कडांना टेकूच्या पट्ट्या हव्यातच.

जिग ज्याचा केलेला असतो त्या एमडीएफचा (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या बोर्डाचा) विषय मात्र कुणीच काढला नाही. त्यातून हवा झिरपते! आमच्याकडे पंप चालू असूनही व्हॅक्यूम दाखवणाऱ्या गेजचा काटा निम्म्यावरच थरथरत राहायचा. जिगला खालून सनमायका चिकटवला, कापलेल्या कडांना लाखेच्या पॉलिशचे दोन हात दिले, तेव्हा काटा वर चढला आणि तिथेच टिकला. आणि कोपरा आधी करवतीने उतरवून घ्या. राउटरच्या बिटला (पात्याला) कापायला दोनेक मिलिमीटरच ठेवलं तर सागाचे कपचे उडत नाहीत.