पंचांपुढे झालेली फारकत कोर्टात टिकते का?

सातपुडा_पायथा: राम राम मंडळी. धडगावकडची पावरा आदिवासी जोडी आहे. पंच बसले, मुलीच्या बापाने देज (लग्नात मुलाकडून मिळालेली रक्कम) परत केलं, फारकत झाली. स्टॅम्पवर अंगठे आहेत, कोर्टाचा हुकूम नाही. बाईला आता दुसरं घर, म्हणजे दुसरं लग्न करायचंय. नवरा उद्या उलटला तर?

फेरफार_उतारा: अनुसूचित जमातींना हिंदू विवाह कायदा 1955 लागू नाही, कलम 2(2) बघा. केंद्राने तशी अधिसूचना काढली तरच लागू होतो. म्हणजे लग्नही रूढीचं, फारकतही रूढीची. 'सहा महिने थांबा, संमतीने घटस्फोटाचा अर्ज करा' हा सल्ला इथे गैरलागू, तरी सर्रास दिला जातो. पण रूढी आहे म्हणून भागत नाही, ती शाबीत करावी लागते. 2001 च्या सूरजमणी स्टेला कुजूर खटल्यात आदिवासी बायकोने एकपत्नीत्वाची रूढी सांगितली, पण नीट मांडली नाही आणि पुरावाही दिला नाही. नवऱ्याविरुद्धची दुसऱ्या लग्नाची तक्रार सुप्रीम कोर्टात टिकली नाही.

तापीकाठ: भाऊ, स्टॅम्पपेपर म्हणजे फारकत नव्हे, ती झाल्याचा पुरावा. नोटरीच्या शिक्क्याने फारकत होत नाही. कागदावर तारीख, गाव, पंचांची नावं, देज किती ठरलं, किती परत गेलं, मुलं कोणाकडे, एवढं हवंच. बहुतेक कागदांत नुसतं 'राजीखुशीने' असतं. मग उलटतपासणीत प्रत्येक पंच वेगळा आकडा सांगतो. त्याच समाजातल्या दोन-चार जुन्या फारकतींचे साक्षीदारही धरून ठेवा, रूढी सलग चालत आल्याचं त्यावरूनच दिसतं. नवरा उलटेल असं वाटत असेल तर आधीच घोषणेचा दावा लावा, म्हणजे फारकत झाली असं कोर्टाकडूनच जाहीर करून घ्या. कौटुंबिक न्यायालय असेल तर तिथे, नाहीतर दिवाणीत.

सातपुडा_पायथा: 'पोटगी मागणार नाही' असंही लिहून घेतलंय. शिवाय दंड भरला नाही तर वाळीत टाकू म्हणतात. पेसात (आदिवासी भागातल्या ग्रामसभांच्या कायद्यात) पंचांना अधिकार आहे ना?

फेरफार_उतारा: पेसा, 1996 ने परंपरेने तंटे मिटवण्याची पद्धत जपायचा अधिकार ग्रामसभेला दिला, जातपंचांना नाही. वाळीत टाकणं हा महाराष्ट्राच्या 2016 च्या सामाजिक बहिष्कार कायद्याखाली गुन्हा: 3 वर्षांपर्यंत कैद, 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पोटगी सोडल्याचं कलम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतल्या पोटगीच्या कलम 144 (जुन्या फौजदारी संहितेचं 125) पुढे आड येत नाही; मात्र दुसरं लग्न झालं की पहिल्याकडची पोटगी बंद.

तापीकाठ: जाता जाता: दक्षिण आफ्रिकेत देजासारखा 'लोबोला' चालतो. तिथल्या 1998 च्या कायद्याने रूढीचं लग्न मान्य केलं, पण ते मोडायला कोर्टच लागतं. आपल्याकडे मोडणंही पंचांकडे राहिलं, शाबीत करायचा भार तेवढा बाईच्या डोक्यावर.